तिसरा रूळ फलाटाच्या पलीकडं

अण्णा, आम्ही शेंगांवर जगलो. भाजलेल्या शेंगा, मोसमात पेरू, पेरू संपले की पुन्हा शेंगा. छोट्या लाईनवरचं आमचं हॉल्ट म्हणजे पत्र्याची एक शेड, एक लिंब आणि मुरमाचा बुटका फलाट. गाडी थांबली की आई टोपली घेऊन खिडक्यांखालून पळायची आणि तिच्यामागं मी, रद्दीचे पुडे वळत. बाप वीटभट्टीवर होता. धुरानं छाती गेली तसा तो दारात बसून नुसता खोकायचा. गाडी उशिरा आली की आमची चूल उशिरा पेटायची. गाडी आलीच नाही तर विकायच्या शेंगा आम्हीच खायचो आणि वरून पाणी प्यायचो.

मग मोठी लाईन आली. अरुंद रूळ उचकटले, रुंद टाकले. रुंद गाडीला अडतो म्हणून फलाट तोडला. नवा होणार, असं लोक बोलत राहिले. झाला नाही. आई तरी टोपली घेऊन रुळाच्या कडेला जाऊन उभी राहायची. गाडी धाडधाड निघून जायची, आईचा पदर उडायचा, टोपलीवरचं फडकं उडायचं, आणि आम्ही दोघी ते फडकं शोधत बसायचो. एक दिवस ती म्हणाली, "ही गाडी आपली नाय." त्याच हिवाळ्यात आम्ही शहरात आलो.

हे तुम्हाला मी कधी सांगितलं नव्हतं. तुम्ही कधी विचारलंही नव्हतं. आता सांगते, कारण आता तुम्हाला मधे बोलता येत नाही.

आई वाळूजच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागली. पहाटेच्या शिफ्टच्या बसनं जायची, आणि मी शिकायची. आमच्या अख्ख्या भावकीत कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. बी.एस्सी. झाले हे मी कुठंही सांगते, लग्नाच्या पंगतीतसुद्धा, आणि लाजत नाही. पुढं चितेगावच्या एका कंपनीत क्वालिटीला लागले. दिवसभर मापं घ्यायची आणि चुकीचा माल बाजूला काढायचा. तुमच्या माडीवर मी आले ती शकीलभाईंमुळं. त्यांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात काचेमागं बोटाएवढं इंजिन दिसलं. मी ते किती वेळ बघत होते कोणास ठाऊक. ते म्हणाले, "बाई, ऐसा देखते रहे तो काच पिघल जाएगी. चलो, तुमकू असली कारखाना दिखाता."

असली कारखाना म्हणजे औरंगपुऱ्यातली तुमची माडी. कपड्याच्या दुकानावरचा अरुंद जिना, वर दोन खोल्या, आणि दोन्ही खोल्या भरून रेल्वे. तुम्ही कंपनीच्या टूलरूममधून रिटायर झालेले, पितळ कापून स्वतः इंजिन घडवलेले. महिन्यातल्या एका रविवारी सगळे जमायचे. ज्यानं जे केलं ते आणायचं, कुणी पूल, कुणी सिग्नल, कुणी नुसता वीतभर वळणाचा रूळ, आणि मग चहा पीत एकमेकांच्या कामाच्या चिंध्या करायच्या. मधल्या दिवसांत ग्रुपवर फोटो. मी पहिल्यांदा आले तेव्हा तुम्ही चष्म्यावरून बघून म्हणालात, "या बाई. बघायला आलात की करायला?"

"करायला."

"बघू."

त्या 'बघू'चा राग मला तिथंच आला होता. पण खोटं कशाला बोलू, डाग कसा द्यायचा, शिसं वितळवून रूळ कसा सांधायचा, ते तुम्हीच शिकवलंत. आधी रूळ तापू द्या, शिसं आपोआप धावत जातं, शिशाला तापवत बसू नका. माझा हात भाजला तेव्हा ओरडलात, आणि ओरडता ओरडता बर्फ घेऊन आलात. तिसऱ्या का चौथ्या रविवारी तुमची जुनी चपटी कानस माझ्यापुढं ठेवलीत. "ठेवा. बाजारात आता अशी मिळत नाही. हात सरळ आहे तुमचा." एवढंच. त्या रात्री आईला मी ती कानस दाखवली, तर ती म्हणाली, "कशाला पाहिजे ही? नखं घासायला?"

तुमचा एक नियम होता. लाईन बांधली म्हणून ती रेल्वे होत नाही. दुसऱ्याचं इंजिन त्या लाईनवरून पूर्ण फेरी मारून आलं पाहिजे. इंजिनामागं एक उघडी वॅगन, वॅगनवर कोल्ड्रिंकच्या बाटलीचं बूच आणि बुचात काठोकाठ पाणी. पाणी सांडलं की लाईन नापास. शकीलभाईंचा पूल त्या पाण्यानं तीनदा नापास केला होता. आपलं इंजिन आपल्या लाईनवर कुणीही पळवतं, असं तुम्ही म्हणायचात. नियम चांगला होता, हे मी आजही म्हणते. नियमाशी माझं भांडण नव्हतंच.

मी आमचं हॉल्ट केलं. जुन्या दाराच्या फळीवर, छोट्या लाईनच्या मापानं, अरुंद रूळ. शेड, लिंब, फलाट. फलाटावर पसरायला आईनं खरा मुरूम आणला, जिथं फलाट होता तिथला, पदराच्या गाठीत बांधून. आईची बाहुली करणार होते, ती म्हणाली, "मला बाहुली करू नको, टोपली ठेव नुसती." म्हणून तुरीच्या डाळीएवढी टोपली तेवढी ठेवली.

तुम्ही वाकून बघितलंत. बराच वेळ बघितलंत. आणि म्हणालात, "छान. पण ह्याच्यावर कुणाचं इंजिन चालणार? आम्हा सगळ्यांचे रूळ रुंद. तुमचं एकटीचं अरुंद. म्हणजे हे काय झालं? देखावा."

"छोटी लाईन अशीच होती, अण्णा."

"होती ना? गेली. मोठी गाडी आली की जुना फलाट तुटतोच, बाई. रुंद करा, मग बोलू."

तिथंच थांबला असतात तरी मी गिळलं असतं. पण दिवाळीच्या सुट्टीत शाळेच्या हॉलमध्ये आपण सगळ्यांची कामं लोकांना दाखवायला मांडली. मधे टेबलं, त्यावर तुम्हा लोकांच्या लाईनी. माझी फळी दाराशी, चपला काढतात त्या कोपऱ्यात. आई नवं लुगडं नेसून आली होती. पॅकिंगमधल्या दोन मैत्रिणींना घेऊन आली होती, 'माझ्या लेकीनं आमचं ठेसन केलंय' म्हणत. ती शोधत शोधत माझ्या फळीशी पोचली, आणि त्याच वेळी तुम्ही कुण्या पाहुण्याला सांगत होतात, "हे सोडा, हा गणपतीपुढं करतात तसला देखावा आहे. गाडी चालत नाही ह्याच्यावर. पुढं या."

पाहुणा हसला. तुम्हीही हसलात. आईच्या मैत्रिणी नव्हत्या हसल्या. आईनं फलाटाकडं बघितलं, टोपलीकडं बघितलं, आणि मला म्हणाली, "चल संगे. इथंबी गाडी थांबत नाय."

अण्णा, तुम्ही किती माणसांना मदत केलीत, कुणाच्या पोराला कंपनीत चिकटवलंत, हे सगळं तुमच्या शोकसभेत लोकांनी सांगितलं. खरंच असणार. मला बोलायला उठवलं तर मी म्हणाले, "मला ह्यांच्याशी भांडायचं होतं, ते राहिलं," आणि खाली बसले. लोकांना वाटलं, प्रेमानं बोलतेय. नव्हते बोलत.

त्या हॉलमध्येच मी सरळ तुमच्यापुढं येऊन उभी राहिले होते, आठवतं? म्हणाले, "तुमचं इंजिन माझ्या फलाटाला लागून नेऊन दाखवलं तर?"

"फलाट न तोडता?"

"न तोडता."

"मग ते ठेसन म्हणीन. सगळ्यांसमोर म्हणीन. तुमच्या आईसमोर म्हणीन." आणि वर ते तुमचं हसणं. "पण बाई, आधी मोजून घ्या. क्वालिटीवाल्या ना तुम्ही?"

त्या दिवसापासून मी तुमच्यासाठी काम केलं. म्हणजे तुमच्या विरोधात. अरुंद लाईनला बाजूनं तिसरा रूळ टाकायचा. एक रूळ दोन्ही गाड्यांना सामाईक, बाकीचे दोन ज्याच्या त्याच्या मापाचे. छोटी गाडीही चालेल, मोठीही चालेल. सुट्टीच्या दिवशी मी कुठं गेले नाही. चुलत बहिणीच्या साखरपुड्यालाही नाही. ग्रुपवर फोटो टाकायची, तुम्ही अंगठा द्यायचात. नुसता अंगठा! शकीलभाई लिहायचे, 'माशाल्ला', कुणी टाळ्या द्यायचं, आणि तुमचा तो पिवळा अंगठा. प्रत्येक अंगठ्याला मी मनातल्या मनात तुम्हाला काय काय म्हणाले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

तुमचं इंजिन माझ्या लाईनवर चालवायचा रविवार ठरला. त्याच आठवड्यात तुमचा रेकॉर्ड केलेला आवाज आला मोबाईलवर. "बाई, तिसरा रूळ कोणत्या बाजूनं टाकताय, तेवढं बघा हां." मागं तुमच्या स्वयंपाकघरातून वहिनींच्या भांड्यांचा आवाज. मी ऐकलं आणि फोन पालथा घातला. उत्तर दिलं नाही. टोमणाच, दुसरं काय!

आणि गुरुवारी तुम्ही मेलात.

शकीलभाईंचा फोन आला, "संगीताबाई, अण्णा चले गए. दिल बंद पड गया." माझ्या तोंडून पहिलं काय निघालं असेल? "आणि रविवार?" मला रडू आलं नाही, आधी चीड आली. असं मधेच उठून जायचं असतं का, अण्णा? हरायची वेळ आली आणि माणूस जागेवर नाही. मी तुमच्या तोंडाकडं बघणार होते. चष्मा काढून पुसाल, खाकराल, आणि शेवटी म्हणाल, 'बरं, ठेसन.' तेवढ्यासाठी मी सगळा हिवाळा घालवला होता.

तेरावं झाल्यावर वहिनींकडं गेले. म्हणाले, "वहिनी, अण्णांचं इंजिन पाहिजे. माझ्या लाईनवर चालवायचंय. तेच पाहिजे." मला वाटलं रागावतील. त्यांनी कपाट उघडलं, इंजिन बाहेर काढलं. फलालीनमध्ये गुंडाळलेलं, कारण उघड्या हाताचा घाम पितळाला लागू द्यायचा नाही असा तुमचा दंडक. वहिनी म्हणाल्या, "घेऊन जा. माझ्या ओट्याखालून बोगदा नेलाय ह्यांनी. भाकरी थापताना पीठ सांडलं की हाका मारायचे, 'अगं जपून, रुळावर येतंय.' अशा माणसाशी तीस-चाळीस वर्षं काढली मी. तुझं एक भांडण राहिलं, तर तेवढं उरकून घे." आणि मग त्या फलालीनची घडी घालता घालता रडल्या. मी त्यांच्याजवळ बसले. आणि इंजिन, अण्णा, मी उघड्या हातानं धरलं होतं. मुद्दाम.

घरी आणून लाईनवर ठेवलं. सरळ रुळावर छान चाललं. वळण घेतलं. फलाटाशी आलं आणि खट्! इंजिनाची पायरी फलाटाच्या कडेत घुसली, इंजिन तिरपं झालं, आणि मुरूम सांडला.

मी तिसरा रूळ फलाटाच्या बाजूनं टाकला होता. का? तर पलीकडच्या बाजूला खडी आणि बाभळीची झुडपं आधीच चिकटवलेली, ती कोण उचकटणार! रुळांमधलं अंतर मी दहादा मोजलं होतं. पण त्या रुळांवरून जाणारी गाडी रुंद आहे आणि तिचं पोट बाहेर येतं, ते पोट फलाटाकडं सरकवून ठेवलंय, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. रोज दुसऱ्यांच्या चुका पकडून पगार घेणारी मी. तिसरा रूळ कोणत्या बाजूनं टाकताय, तेवढं बघा हां.

तो टोमणा होता की मदत होती? किती वेळा ऐकला मी तो आवाज. कधी वाटतं हसताय, कधी वाटतं काळजीनं सांगताय. मागच्या भांड्यांच्या आवाजात नीट कळत नाही. मदत असेल तर सरळ सांगायला तोंड दुखलं असतं का तुमचं? आणि टोमणा असेल, तर माझी चूक तुम्हाला फोटोत दिसत होती आणि तरी तुम्ही अंगठे देत बसलात. दोन्हीपैकी काहीही असलं तरी मला रागच येतो. हे भांडण मी मिटवणार नाही. तुमच्या नावावर चालू ठेवणार आहे.

सोपा उपाय समोर होता. फलाट कापायचा. पुठ्ठ्यासारखा सनबोर्ड तर होता, पातं फिरवलं की झालं. मी पातं काढलं. आई शेंगा निवडत बसली होती, तिनं मान वर केली.

"काय करतीस?"

"फलाटाची कड काढते थोडी. गाडी अडतीय."

तिनं हातातली शेंग खाली ठेवली. मग म्हणाली, "परत तोडायला निघालीस व्हय? एकदा बघितलाय मी तोडताना. आता तुझ्या हातानं बघू?"

मी पातं ठेवून दिलं. सगळ्या फेरीचा तिसरा रूळ उचकटला. पलीकडची खडी खरवडली, झुडपं उपटली, आणि रूळ फलाटाच्या पलीकडच्या बाजूनं पुन्हा टाकला. आधी रूळ तापवायचा, शिसं आपोआप धावतं. डाग देताना तुमचाच आवाज कानात, आणि त्याच आवाजाला मी शिव्या देतेय, असं ते काम झालं. आता इंजिनाचं पोट फलाटापासून लांब सरकलं. तरी केसभर लागतच होतं. पायरीची कड, नुसती कड.

मग मी वहिनींना फोन केला. "वहिनी, अण्णांच्या इंजिनाची पायरी घासावी लागेल."

"किती?"

"केसभर."

"हात्तिच्या! मला वाटलं अर्धं कापतेस. घास, बाई. त्यांनी बोगद्यासाठी माझी भिंत पाडली तेव्हा मला फोन केला होता का?"

तुम्ही दिलेल्या कानशीनंच घासली, अण्णा. हात सरळ ठेवून. पितळाची पिवळी भुकटी माझ्या बोटावर आली, ती मी आईला दाखवली. म्हणाले, "आई, ह्या वेळेला फलाट नाही तुटला. गाडी तुटली." आई म्हणाली, "थोडी आणखी घास," आणि दोघी हसलो. मी खूप हसले. त्यानंतर मात्र मला तुमची आठवण आली, आणि ती काही रागाची नव्हती. ते इंजिन तुम्ही किती वर्षं घडवत होतात हे मला माहीत आहे. त्या पायरीवर कानशीचे तुमचे जुने ओरखडे होते, माझ्या ओरखड्यांसारखेच, एकाच कानशीचे. पण तेवढ्यानं मी माफ केलं असं समजू नका.

काल रविवार होता. छोटा हत्ती टेम्पो करून दाराची फळी औरंगपुऱ्यात आणली, जिन्यातून उभी करून वर चढवली. तुमच्या टेबलावर ठेवली, मधोमध. तुमची खुर्ची सगळ्यांनी रिकामी ठेवली होती, कुणीतरी तिला हारही घातला होता. मी हार बाजूला काढला आणि त्या खुर्चीत बसले. वहिनी चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "बस, पाय हलतो त्या खुर्चीचा, जपून." आई माझ्या शेजारी उभी राहिली. तिला बस म्हणाले तर म्हणाली, "फलाटावर मी कधी बसत नव्हते."

शकीलभाईंनी घड्याळात तेल सोडायच्या ड्रॉपरनं बूच भरलं, काठोकाठ. वॅगन जोडली. मी बटण फिरवलं.

तुमचं इंजिन निघालं. पहिलं वळण. लिंबाच्या मागून. फलाट जवळ आला, आणि ते फलाटाला लागून, टोपलीला लागून, न घासता, न थांबता निघून गेलं. पाणी हललंसुद्धा नाही. खोलीत टाळ्या पडल्या. शकीलभाई म्हणाले, "लो, पास! अण्णा होते तो आज मूछाँ मरोडते बैठते."

टाळ्यांत आईचे हात नव्हते. ती फळीकडं बघत होती. इंजिन फेरी पुरी करून पुन्हा वळणाकडं निघालं होतं. ती म्हणाली, "ही तर तशीच गेली. पयल्यासारखी. थांबव की."

मी शकीलभाईंकडं बघितलं. त्यांनी दोन्ही हात हलवले. "नक्को बाई, नक्को! अण्णा का इंजिन रुकते वखत झटका मारता. सबकू मालूम है. पानी गिरा तो फिर नापास. पास हो गए ना, कायकू?"

खरं होतं. थांबताना झटका मारणं ही त्या इंजिनाची खोड, आणि ती तुम्ही सांगत मात्र कधी नव्हतात. पास होऊन झालं होतं. बटण तसंच ठेवलं असतं तर जिंकून घरी जाता आलं असतं. पण मला पास व्हायचं होतं ते कशासाठी, अण्णा? तुमच्या नियमासाठी? आई टोपली घेऊन रुळाकडेला उभी राहायची, ती काही गाडी बघायला नाही.

लिंबाजवळूनच मी बटण हळूहळू मागं घ्यायला लागले. वेग उतरला. फलाटाचं टोक आलं. आणखी मागं. इंजिन रांगायला लागलं. टोपली आली. मी बटण पार मागं नेलं आणि तुमच्या इंजिनानं झटका मारला, मारलाच. बुचातलं पाणी एका बाजूला चढलं, काठावर फुगलं, तिथं क्षणभर लटकलं, आणि पुन्हा खाली बसलं.

शकीलभाईंनी वाकून, वॅगनखाली बोट फिरवून बघितलं. बोट कोरडं होतं.

आईनं पदराच्या गाठीतून भाजलेली एक शेंग काढली आणि इंजिनापुढं फलाटावर ठेवली. शेंग इंजिनाएवढीच दिसत होती. वहिनी हसल्या, मग सगळेच हसले, आणि मी तुमच्या खुर्चीतून भिंतीवरच्या तुमच्या फोटोकडं बघितलं. बोला आता, म्हणाले. तुम्ही बोलला नाहीत, म्हणून तुमच्या वाटचं वहिनींनी म्हटलं. सगळ्यांसमोर, आईसमोर, चहाचा कप हातात धरून, सरळ आवाजात: "ठेसन आहे."

अण्णा, मोठ्या लाईनची गाडी काल आमच्या हॉल्टवर थांबली. फलाट शाबूत आहे. पाणी सांडलं नाही. लाईन पास झाली.